तालुका पंढरपूर, आमदार सांगोल्याचा

माझी मावशी पंढरपूर तालुक्यात राहते, भाळवणीच्या बाजूला. सातबारा, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, काहीही लागलं तरी ती पंढरपूरच्या तहसील कचेरीत जाते. एकादशीला जाते तीही अर्थात पंढरपूरलाच. पण विधानसभेला ती मत देते सांगोल्याचा आमदार निवडायला आणि लोकसभेला माढ्याचा खासदार निवडायला. माढ्याला ती आयुष्यात एकदाही गेलेली नाही. तिची धाकटी जाऊ पंढरपूर शहरात राहते. तिचा आमदार वेगळा आणि खासदारही वेगळा, तो सोलापूरचा. दोघी एकाच लग्नाला एकाच जीपमधून जातात, पण मतदानाच्या बाबतीत एकमेकींना परक्या.

मध्यंतरी मावशीचा फोन आला. जनगणना होणार, मग मतदारसंघांची पुनर्रचना होणार, असं तिनं टीव्हीवर ऐकलं होतं. म्हणाली, "आरं, ते फेररचना का काय करणार हायती म्हणं. मग आता आमी कुणाच्यात?"

प्रश्न चार शब्दांचा, पण उत्तर द्यायचं तर मतदारसंघ म्हणजे काय, तो कोण आखतो आणि त्याचा निवडणुकीचा इतिहास वाचायचा कसा, इथपर्यंत जावं लागतं. मावशीचाच मतदारसंघ घेऊ. क्रमांक २५३, सांगोला. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणणारे माजी आमदार शहाजीबापू पाटील इथलेच आणि अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुखही इथलेच. उदाहरण म्हणून याहून रंगतदार मतदारसंघ शोधून सापडणार नाही.

मतदारसंघ म्हणजे तालुका नव्हे

आपल्याकडे गोंधळ नावापासूनच सुरू होतो. मतदारसंघाला तालुक्याचं नाव देतात, म्हणून माणसं दोन्ही एकच समजतात. तालुका ही महसुलाची सोय आहे. जमिनीची नोंद, सारा, दाखले, पंचनामे हे त्याचं काम. मतदारसंघ ही माणसं मोजून पाडलेली वाटणी आहे. राज्यात आमदार २८८, तेव्हा राज्याच्या लोकसंख्येचे साधारण सारखे २८८ वाटे करायचे, एवढाच त्यामागचा विचार.

२००१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांच्या वर होती. तिला २८८ने भागलं की एका वाट्याला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं येतात. माणसं म्हटलं, मतदार नव्हे. पाळण्यातलं पोरही या हिशेबात धरलं जातं. सांगोला तालुका एकटा या आकड्याला कमी पडत होता, म्हणून शेजारच्या पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ त्याला जोडलं. महसूल मंडळ म्हणजे मंडळ अधिकाऱ्याच्या हाताखालचा गावांचा गट. मावशीचं गाव नेमकं त्यात. पंढरपूर तालुक्याची गावं अशा रीतीनं चार मतदारसंघांत वाटली गेली आहेत: पंढरपूर, सांगोला, माढा आणि मोहोळ.

शेतीच्या वाटणीत असं होतंच. चार भावांना सारखी जमीन द्यायची तर बांध सरळ राहत नाही. कुणाला विहिरीकडचा तुकडा, कुणाला ओढ्यापलीकडचा. मावशी म्हणजे त्या ओढ्यापलीकडच्या तुकड्यातली.

मग बांध कोण घालतं?

पुष्कळांना वाटतं की सरकार घालतं, म्हणजे सत्तेतला पक्ष. तसं नाही. त्यासाठी परिसीमन आयोग नेमतात. परिसीमन म्हणजे सीमा आखणं, याच कामाला बोलीत आपण पुनर्रचना म्हणतो. आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. केंद्रीय निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त हे सदस्य. काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. मागचा आयोग २००२मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याच्या आदेशाची अंमलबजावणी २००८मध्ये झाली आणि महाराष्ट्रात २००९च्या निवडणुका नव्या नकाशावर झाल्या.

नकाशा सगळ्यांच्या पलीकडे, अगदी निर्मळ असतो, असा माझा दावा नाही. कुठलं मंडळ कुठं जोडायचं यावर सुनावण्यांत खूप ओढाताण होते आणि ज्यांना कागद वाचता येतो त्यांचं तिथं जास्त चालतं. पण मुख्यमंत्र्यांनी रात्रीत पेन्सिल फिरवावी, इतकं ते सोपंही नाही.

आयोग आणखी एक गोष्ट ठरवतो, ती म्हणजे राखीव जागा. २००८च्या आदेशानं महाराष्ट्र विधानसभेच्या २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाल्या. ग्रामपंचायतीचं आरक्षण फिरतं, तसं हे का फिरत नाही, असं लोक विचारतात. ग्रामपंचायतीत सोडत निघते. विधानसभेला राखीव जागा लोकसंख्येतल्या प्रमाणावरून आयोग ठरवतो आणि पुढची पुनर्रचना होईपर्यंत ती तशीच राहते. म्हणजे एका पिढीचं राजकारण तिथं बांधलं जातं. याचं उदाहरण सांगोल्याच्या शेजारीच आहे, त्याकडे पुढे येतो.

सांगोल्याचा हिशेब, १९६२पासून

सांगोला हा सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा कोरडा तालुका. माण नदी आहे, पण ती वर्षातला बराच काळ वाळूचीच. खिलार जनावरांचा रविवारचा बाजार आणि डाळिंब, या दोन गोष्टींसाठी तालुका बाहेर ओळखला जातो. इथं मत मागायला येणाऱ्यानं पाण्यावर बोलायचंच असतं. दुसरं काहीही बोला, लोक घड्याळ बघतात.

१९६२मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, गणपतराव देशमुख इथून पहिल्यांदा निवडून आले. त्या वेळी विधानसभेत २६४ आमदार होते. १९६७मध्ये जागा २७० झाल्या, गणपतराव पुन्हा आले. १९७२मध्ये काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं. काकासाहेबांच्या निधनानंतर १९७४मध्ये पोटनिवडणूक झाली, तीत गणपतराव परत आले. मग १९७८ (या वर्षी जागा २८८ झाल्या, आजही तितक्याच आहेत), १९८०, १९८५, १९९० अशी ओळीनं निवडणूक मारली. १९९५मध्ये काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पाडलं. १९९९ला हिशेब चुकता झाला आणि २००४, २००९, २०१४ अशी माळ पुन्हा सुरू झाली. २०१४ला शहाजीबापू शिवसेनेकडून उभे होते आणि सुमारे २५ हजारांनी हरले.

मोजा: तेरा लढती, अकरा विजय. पक्ष एक, मतदारसंघ एक. यातली बहुतेक वर्षं विरोधी बाकांवर गेली. १९७८च्या पुलोद, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या, सरकारमध्ये आणि १९९९च्या विलासराव देशमुखांच्या सरकारमध्ये ते मंत्री होते, एवढाच अपवाद. एसटीनं मुंबईला जाणारा आमदार म्हणून त्यांच्या गोष्टी सांगोल्यात अजून चालतात. लोक त्यांना आबासाहेब म्हणत. २०१९ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ला वयाच्या ९४व्या वर्षी गेले.

इथं एक दुरुस्ती करायला हवी. 'देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेला आमदार' असा मजकूर आबासाहेबांच्या फोटोखाली दरवर्षी फिरतो. तो बरोबर नाही. तमिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, तेही वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळचे के. एम. माणी तर पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा. आबासाहेबांचं मोठेपण या आकड्यावर अवलंबून नाही, मग खोटा आकडा कशाला चिकटवायचा?

बालेकिल्ला म्हणायचा की नाही?

निवडणुकीच्या बातम्यांत हा शब्द मोकाट वापरतात. अकरा वेळा एकच माणूस म्हणजे बालेकिल्ला, असं वरवर दिसतं. माझं मत वेगळं आहे.

पहिली गोष्ट, बांध हलत गेले. १९६२चं सांगोला, १९७८चं सांगोला आणि २००९नंतरचं सांगोला हे तीन वेगळ्या नकाशांवरचे मतदारसंघ आहेत. पाटी तीच, दुकानाच्या मागची जागा बदललेली. मतदार तर जवळपास पूर्ण बदलले. १९६२ला ज्यानं पहिलं मत दिलं, तो तेव्हा किमान २१ वर्षांचा होता, कारण मतदानाचं वय १८ झालं ते १९८९मध्ये. म्हणजे २०१४ला तो ७३चा झाला. आबासाहेबांच्या शेवटच्या निवडणुकीत बटण दाबणाऱ्या बहुतेकांचा त्यांच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी जन्मही झाला नव्हता.

दुसरी गोष्ट, १९९५. किल्ला म्हणवणाऱ्या जागी ज्या दिवशी १९२ मतं कमी पडतात, त्या दिवशी तो किल्ला नसतो. एका मोठ्या वाडीची मतं फिरली तरी एवढा फरक पडतो. जिंकलेली प्रत्येक निवडणूक आबासाहेबांनी नव्यानं जिंकली, असं म्हटलं तर ते वस्तुस्थितीला धरून होईल. किल्ला म्हटलं की फक्त दार लावून बसायचं असतं, असा समज होतो.

१९२, ७६८ आणि २५,३८६

आता अलीकडचे दोन निकाल जवळून पाहू.

२०१९: शहाजीबापू पाटील (शिवसेना) ९९,४६४. अनिकेत देशमुख (शेकाप, गणपतरावांचे नातू) ९८,६९६. फरक ७६८.

२०२४: बाबासाहेब देशमुख (शेकाप, तेही नातूच) १,१६,२५६. शहाजीबापू पाटील (एकनाथ शिंदे यांची शिवसेना) ९०,८७०. दीपक साळुंखे (उद्धव ठाकरे यांची शिवसेना) ५०,९६२. फरक २५,३८६.

आपल्या पद्धतीत ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो आमदार. निम्म्याहून जास्त मतं मिळवायची अट नाही. बैलगाडा शर्यतीत जी जोडी आधी निशाणाला पोचते ती पहिली, मग ती नाकभर पुढे असो की शंभर फूट. १९२नं आलेला आमदार आणि २५ हजारांनी आलेला आमदार यांना विधानसभेत एकेकच मत असतं.

समान मतं पडली तर? कायद्यानं चिठ्ठी टाकायची आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त धरायचं. मुंबई महापालिकेच्या २०१७च्या निवडणुकीत प्रभाग २२०चा निकाल असाच चिठ्ठीनं लागला. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८मध्ये सी. पी. जोशी एका मतानं पडले, तेही मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत असताना. महाराष्ट्रात २०२४ला सगळ्यांत कमी फरक होता मालेगाव मध्यचा, १६२ मतांचा.

फरक इतका थोडा असला की फुटकळ वाटणाऱ्या गोष्टी निकाल फिरवू शकतात. सारख्या नावाचा अपक्ष हा त्यातला जुना डाव. २०१४च्या लोकसभेला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच यादीत सुनील तटकरे नावाचे दुसरे एक अपक्ष होते आणि त्यांना साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. आज मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो, त्याला अशी कारणं आहेत. 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या बटणाचं, मात्र उलट आहे. नोटाला कितीही मतं पडोत, निकालावर परिणाम शून्य. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ला नोटा २७,५०० मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होती. समजा पहिली आली असती, तरी तिच्या खालोखालचा माणूसच आमदार झाला असता.

"बेरीज केली तर बापूच येत होते की!"

२०२४च्या निकालानंतर हा मुद्दा चहाच्या टपरीपासून चॅनेलपर्यंत सगळीकडे होता. ९०,८७० अधिक ५०,९६२ म्हणजे १,४१,८३२. बाबासाहेबांच्या १,१६,२५६पेक्षा २५ हजारांनी जास्त. शिवाय २०१९ला साळुंखे बापूंच्या बाजूनं होते. म्हणजे मतविभागणी झाली नसती तर निकाल उलटा, असा निष्कर्ष.

मतविभागणी खरी असते, हे आधी मान्य करू. दहा जणांच्या पंगतीत चौघं म्हणाले पुरणपोळी, तिघं म्हणाले मटण आणि तिघं म्हणाले चिकन. जास्त मतं पुरणपोळीला. दहातले सहा जण सामिष खायला आले होते, पण ताटात येणार पुरणपोळीच. बाबासाहेबांनाही एकूण मतांच्या निम्म्याहून कमीच मतं मिळाली आहेत, पण नियमाप्रमाणे ते विजयी आहेत आणि त्यात काही गैर नाही.

घोटाळा बेरजेत आहे. चिकनवाल्यांना चिकन मिळालं नाही तर तिघंही मटणच खातील, हे गृहीत कुणी धरलं? साळुंखे ठाकरेंच्या शिवसेनेच्या मशाल चिन्हावर उभे होते. २०२२मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर बंड करून गुवाहाटीला गेलेल्या आमदारांवर (बापू त्यातलेच) ज्यांचा राग होता, त्यांच्यासाठी ते चिन्ह होतं. साळुंखे उभेच नसते तर त्यातली बरीच मतं बापूंकडे जाण्याऐवजी देशमुखांकडे गेली असती. काही घरी बसली असती. काही खरंच बापूंकडे आली असती, कारण साळुंखेंना मानणारा स्वतःचा असा गटही तालुक्यात आहे. किती कुठं, हे यंत्र सांगत नाही. कागदावर बेरीज करणारा माणूस मतदाराला पोत्यातलं धान्य समजतो. हे पोतं त्या पोत्यात ओतलं की झालं. मतदार ओतला जात नाही.

आणि विभागणी दोन्हीकडून होत होती, हेही विसरतात. शेकाप आणि ठाकरे यांची शिवसेना राज्यात एकाच, म्हणजे महाविकास आघाडीच्या बाजूला होते. सांगोल्याची जागा कुणी लढवायची यावर जमलं नाही, म्हणून दोघंही उभे राहिले. बापूंची मतं फुटली असं बापूंची माणसं म्हणणार आणि आघाडीची फुटली असं शेकापवाले म्हणू शकतात. दोघंही थोडे थोडे बरोबर.

"सगळं जातीचं गणित असतं हो"

हा आक्षेप येणार हे माहीत आहे. सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे, गणपतराव त्याच समाजातले होते, तेव्हा खुलासा झाला, असं म्हणून लोक वही मिटतात.

जात निवडणुकीत नसते असं म्हणणारा माणूस महाराष्ट्रात राहत नसावा. पण या एका किल्लीनं सगळी कुलपं उघडत नाहीत. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा देशमुख घराण्यातलाच उमेदवार, तोच पक्ष, तेच मुख्य प्रतिस्पर्धी, तोच नकाशा. पाच वर्षांत तालुक्यातली समाजांची संख्या काही बदलत नाही. तरी एका वेळी ७६८नं हार आणि दुसऱ्या वेळी २५,३८६नं जीत. म्हणजे मधल्या काळात २६ हजारांहून जास्त मतांचं अंतर हललं. जे बदललं नाही, ते बदलाचं कारण कसं असेल? बदललेल्या गोष्टी वेगळ्या होत्या. उमेदवारांची संख्या बदलली, शिवसेना फुटली, आबासाहेब गेल्यानंतरची ही पहिली विधानसभा होती. आणि गुवाहाटीहून बापूंचा फोनवरचा तो 'काय झाडी'चा संवाद जून २०२२मध्ये राज्यभर गाजला होता. झाडी-डोंगरांवर बाहेरचे हसले. पण दुष्काळी तालुक्याचा आमदार आसामातल्या हिरवाईचं कौतुक करतोय, हे घरी बसून ऐकताना प्रत्येकाला हसूच आलं असेल असं मला वाटत नाही. हा माझा अंदाज, आकड्यांत तो दाखवता येत नाही.

गावानं कुणाला मत दिलं, हे कळतं कसं?

मतदान गुप्त असतं, मग 'या गावानं आपल्याला दगा दिला' असं कार्यकर्ते निकालाच्या संध्याकाळी कसं म्हणतात? कारण यंत्र बूथवार मोजलं जातं आणि बूथवार आकडे 'नमुना २०' या तक्त्यात अधिकृतपणे नोंदले जातात. एका बूथला हजाराच्या आसपास मतदार. छोट्या गावाला एखादाच बूथ. म्हणजे माणसाचं मत गुप्त आणि गावाचं उघड. मतपत्रिकांच्या काळात अनेक ठिकाणी वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजत, त्यामुळे गाव झाकलं जाई.

मावशीकडे मतदारसंघाचा इतिहास म्हणून जे सांगतात, ते असंच असतं. अमक्या गावाला रस्ता का झाला नाही, तर त्या गावानं अमक्या साली लीड दिलं नाही. लीड, म्हणजे मताधिक्य, हा तिकडचा रोजचा शब्द. आजीसुद्धा 'आपल्या बूथला किती लीड' असं विचारते.

डिसेंबर २०२४मध्ये मारकडवाडीचं नाव देशभर गेलं, तेही याच आकड्यांमुळे. माळशिरस तालुक्यातलं हे गाव. आपल्या गावातले आकडे पटत नाहीत म्हणून काही ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. माळशिरस मतदारसंघात महाविकास आघाडीचाच उमेदवार जिंकलेला होता. तक्रार मतदारसंघाच्या निकालाची नव्हती, गावाच्या आकड्याची होती. बूथवार तक्ता नसता, तर हा वादच उभा राहिला नसता.

माळशिरसला काय झालं, ते बघा

पुनर्रचनेचा परिणाम बघायचा तर याच माळशिरसमध्ये बघावा. अकलूजचे विजयसिंह मोहिते-पाटील १९८०पासून तिथून आमदार होते आणि पुढे उपमुख्यमंत्री झाले. २००८च्या आदेशानं माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव झालं. मतदार तिथंच, कारखाना तिथंच, वाडा तिथंच, पण उभं राहता येईना. २००९ला ते शेजारच्या पंढरपुरात गेले. तिथं भारत भालके यांनी त्यांना पाडलं. भालके त्यानंतर आणखी दोनदा निवडून आले. २०२०मध्ये त्यांचं निधन झालं आणि २०२१च्या पोटनिवडणुकीत भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनी जिंकले.

एका ओळीच्या आदेशानं दोन मतदारसंघांचा पुढचा दशकभराचा इतिहास वेगळा लिहिला गेला. मोहिते-पाटलांना मानणाऱ्यांना तो अन्याय वाटला. दुसऱ्या बाजूनं बघा. माळशिरसमधल्या दलित कार्यकर्त्याला त्याआधी तिथून आमदारकीचं स्वप्न बघायलाही जागा नव्हती. बांध हलला की कुणाचं तरी आंब्याचं झाड पलीकडे जातंच.

लोकसभेचंही तसंच. २००९पूर्वी माढा नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता. पंढरपूर होता, राखीव होता. रामदास आठवले १९९९ आणि २००४ला तिथून खासदार झाले. २००८ला पंढरपूर रद्द झालं, माढा जन्माला आलं आणि पहिल्याच निवडणुकीत तिथून शरद पवार उभे राहून निवडून आले.

मग आता मावशी कुणाच्यात?

आजचे बांध २००१च्या जनगणनेवर घातलेले आहेत. राज्याच्या जागांची एकूण संख्या तर त्याहून जुन्या हिशेबावर गोठवलेली आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं ती गोठवली आणि पुढे ८४व्या दुरुस्तीनं २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती मुदत वाढवली. म्हणून २०२७च्या जनगणनेची अधिसूचना निघाली तसा पुनर्रचनेचा विषय पुन्हा वर आला. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीनं महिलांच्या एक तृतीयांश आरक्षणाची गाठही त्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशीच मारून ठेवली. आजच्या २८८ जागा धरल्या तर एक तृतीयांश म्हणजे ९६.

मधल्या काळात माणसं हलली. २०२४च्या यादीत चिंचवड आणि पनवेलमध्ये सहा लाखांवर मतदार होते, सांगोल्यात तीन लाखांच्या थोडे वर. म्हणजे आमदार निवडताना सांगोल्यातल्या एका मताचं वजन चिंचवडच्या जवळपास दुप्पट. त्यातली गंमत अशी की चिंचवडच्या यादीतली काही नावं सांगोल्याकडूनच कामाला गेलेल्यांची असणार. नवे बांध पडले की शहराकडे जागा वाढणार, हे उघड आहे. एकूण संख्या २८८च राहिली तर त्या वाढलेल्या जागा ग्रामीण भागातूनच जातील. दुष्काळी तालुक्यांना याची भीती वाटते ती खोटी नाही. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी मागायला विधानसभेत उभं राहणारी माणसं कमी होणार. चिंचवडवाला म्हणेल, माझं मत निम्म्या किमतीचं का? दोघांचंही समाधान होईल असा बांध अजून कुणाला घालता आलेला नाही.

मावशीचं भाळवणी मंडळ सांगोल्यातच राहील, पंढरपूरला परत जाईल की आणखी कुठं जोडलं जाईल, हे नवा आयोग बसून मसुदा काढेल तेव्हाच कळेल. मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येतो, मग हरकती मागवतात, सुनावणी घेतात. अंतिम आदेशानंतर न्यायालयात फारसं काही करता येत नाही, म्हणून जे बोलायचं ते त्या हरकतींच्या दिवसांतच.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "सुनावणीला जायाचं कुठं, पंढरपूरला का सांगोल्याला?" मागच्या आयोगाच्या जाहीर सुनावण्या राज्यातल्या मोजक्या शहरांत झाल्या होत्या. तारीख लागली की कळवतो म्हटलंय. जीप ठरवायला जावेला सांगून ठेवणार आहे म्हणाली.